खालचा ट्रे

सोमवार, ४ मार्च

आजपासून लिहायचं ठरवलं. घरात बोलायला हे आहेत, पण ह्यांचे कान ह्यांच्याबरोबरच निवृत्त झाले. टीव्हीतल्या माणसांचं सगळं ऐकू येतं, माझं तेवढं येत नाही. ऑफिसात बोलायची सोय नाही, कारण वकिलाचं ऑफिस. तिथलं काही तोंडातून बाहेर काढायचं नाही हा पहिला नियम, आणि तो नियम सगळ्यांना शिकवायचं काम माझंच. तेव्हा कागदाशीच बोलावं.

कागदही ऑफिसातलेच, पाठकोरे. एका बाजूला काहीतरी छापून वाया गेलेले. वकीलबाईंना सांगून आणते, चोरून नाही. मागे काय छापलंय ते वाचत नाही, आपल्याला कोऱ्या बाजूशी मतलब.

आज नर्सबाई सहीला आल्या होत्या. गेल्या वर्षापासून आमच्या अशील. नवरा कंत्राटदार. बाहेर गोड, घरात हात उचलणारा. लेकीला घेऊन त्या निघाल्या, नवीन घर घेतलं, आणि ते कुठे आहे हे त्याला कळू नये म्हणून पत्ता कोर्टाला बंद पाकिटात द्यायचा आहे. तेच निवेदन छापायचं होतं. आणि आजच छपाईच्या मशीनने रंग दाखवले. प्रत्येक पानावर उभा काळा पट्टा! भाचीने दुसऱ्यांदा छापलं तेव्हा कुठे धड आलं.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. टायपिंगला मीच लावली. हात झरझर चालतो, पण पान जरा बिघडलं की टराटरा फाडायला निघते. आजही फाडणारच होती. मी हात धरला.

"अगं, एक बाजू कोरी आहे ना? खालच्या ट्रेत टाक. कच्चे मसुदे त्यावर निघतात."

"सगळेच टाकू, मावशी?"

"सगळेच. कागद काय झाडाला लागतात?"

"झाडालाच लागतात गं," म्हणाली गधडी, पण टाकले मुकाट्याने.

निघताना नर्सबाईंनी विचारलं, "ताई, हा पत्ता आता कोणाकोणाला माहीत?" म्हटलं, तुम्हाला, वकीलबाईंना, कोर्टाला, आणि आम्हा मावशी-भाचीला. पण मी म्हणजे विहीर आहे, आत पडलेलं वर येत नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या हसल्या.

गुरुवार, ७ मार्च

आज कंत्राटदार आला होता, त्याच्या वकिलाबरोबर. आपसांत काही तडजोड होते का बघायला. मी मनात एक राक्षस रंगवून बसले होते. आला तो इस्त्रीच्या शर्टातला, दारातच "नमस्कार ताई" म्हणणारा, मी उभी आहे बघून स्वतःची खुर्ची सरकवणारा माणूस. असल्या माणसाला घरात काय होतं, देव जाणे.

मुलीला महिन्यातून कधी भेटायचं, कुठे भेटायचं, सगळं मसुद्यात आहे. वकीलबाई म्हणाल्या, अजून कच्चं आहे, एक प्रत द्या त्यांना, त्यावर शेरे मारून पाठवू देत. मी काढून दिली. त्याने दोन्ही हातांनी घेतली, पानं चाळली, उलटून पाहिली आणि म्हणाला, "पाठकोरे वापरता? वा. आमच्याकडे पोरं कागद नुसता उधळतात. घरी नेऊन सावकाश वाचतो."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? ह्या ऑफिसात त्या गोष्टीचं कौतुक करणारा हाच पहिला भेटला.

बुधवार, १३ मार्च

सुचेल तसं लिहिते.

दुपारी नर्सबाईंचा फोन. आवाज इतका खाली की मला वाटलं रेंज नाही. "ताई, तो खाली उभा आहे." मी मूर्खासारखं विचारलं, कोण? "तो. फाटकाशी. वर बघून हात हलवतोय."

मुलीला उचलून त्या मागच्या जिन्याने उतरल्या. शेजारणीच्या गाडीत बसल्या. ड्यूटीचे कपडे, मुलीचं दप्तर, सगळं तिथेच राहिलं. पोलिस पोचेपर्यंत हा निघून गेला होता. फाटकाला चॉकलेटची पिशवी अडकवून ठेवली होती. त्यावर लेकीचं लाडाचं नाव.

मी विहीर आहे म्हणाले होते. दिवसभर तेच ऐकू येतंय.

गुरुवार, १४ मार्च

वकीलबाईंनी मला आत बोलावून दार लावलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"पत्ता कुठे कुठे होता, ते आपण दोघी मिळून आठवू या."

कोर्टातलं पाकीट न उघडलेलं आहे, त्यांनी जाऊन पाहिलं. त्यांच्या संगणकातली फाइल कुलूपबंद. नर्सबाईंनी सख्ख्या भावालाही सांगितलेलं नाही. मग राहिलं काय? जिथे तो छापला ते मशीन.

मशीनवाल्याला तातडीने बोलावलं. तो मशीनशी बराच वेळ खुडबुड करत बसला आणि मग म्हणाला, "बाई, हे नुसतं छापत नाही. छापलेलं, स्कॅन केलेलं, सगळं आत साठवून ठेवतं. त्यात तुमचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच आहे अजून. एक, दोन, तीन, चार. ह्या इमारतीत बसून कोणीही आत डोकावेल."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं मी त्याच्यावर रोज सकाळी फडकं फिरवलं, आणि ते पोटात सगळं धरून बसलं होतं!

"म्हणजे कोणीतरी बाहेरून घेतलं?"

"घेतलं असं नाही म्हणत. घेता आलं असतं, एवढंच."

एवढंच काय एवढंच! कंत्राटदाराची माणसं गावभर पसरलेली. त्यातल्या एखाद्याला संगणकातलं कळत असणारच. जाताजाता मशीनवाला खालचा ट्रे ओढून म्हणाला, "हे जुने कागद भरता ना, त्यानेच रोलर खराब होतो, पट्टे पडतात." म्हटलं, तुम्ही आधी चोर शोधा, माझ्या ट्रेत नाक घालू नका.

शनिवार, १६ मार्च

दोन दिवस ह्याच कामात. मशीनचा नवा पासवर्ड, तो फक्त मला आणि वकीलबाईंना ठाऊक. प्रत्येकाला आपापला कोड. संगणकावरून हुकूम सोडला तरी पान बाहेर येत नाही, मशीनसमोर उभं राहून कोड दाबल्यावरच येतं, म्हणजे कोणाचं पान ट्रेमध्ये बेवारस पडून राहायला नको. काम झालं की आतली साठवण पुसली जाते. स्कॅन आता दोन्ही बाजूंचं होतं, एखादी बाजू राहून जायला नको म्हणून. सोडून गेलेल्या लोकांची नावं यादीत तशीच होती, ती काढली.

ज्युनियर वकील आपला कोड विसरले, चुकीचा दाबत राहिले आणि मशीनने त्यांना बाहेर काढलं. तेव्हापासून ते मशीनला सासू म्हणतात. मी हसले नाही. हसायला येतच नाही.

कागद कातरायचं मशीनही आलं. दोन्हीकडून छापलेले कागद त्यात घालायला सुरुवात केली. एक बाजू कोरी असलेला कागद मात्र माझ्याच्याने कातरवत नाही, भरलं ताट उकिरड्यावर लोटल्यासारखं वाटतं. खालच्या ट्रेला छोटं कुलूप लावून घेतलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली. आता माझे पाठकोरेसुद्धा सुरक्षित.

रात्री जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मग झालं की. आता कशाला काळजी?" नर्सबाई मैत्रिणीच्या एका खोलीत पोरीला घेऊन जमिनीवर झोपतायत, आणि म्हणे कशाला काळजी. मी ताट उचललं.

सोमवार, १८ मार्च

हे लिहायला नको वाटतंय.

मशीनवाल्याने जुनी नोंद काढून दिली. कोणी, कधी, काय छापलं. चार तारखेला नर्सबाईंचं निवेदन दोनदा छापलंय. दोन्ही वेळा भाचीच्या संगणकावरून.

तिला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जिथे चहा करतो तिथे, बोलावलं.

"दोन प्रती का काढल्या?"

"पहिलीवर पट्टा आला होता, मावशी. तू होतीस की तिथे."

"मग ती पहिली कुठे आहे?"

तिने खांदे उडवले. "आता कसं आठवेल? जिथे ठेवतो तिथेच ठेवली असेन."

जिथे ठेवतो तिथेच! असं कोण बोलतं? ज्याला काही लपवायचं असतं तोच असं गोलगोल बोलतो. मी तिच्या डोळ्यांत बघत होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. शिवाय तिच्या मैत्रिणीचा भाऊ कंत्राटदाराकडे कामाला आहे, हे मला ठाऊक आहे. तिनेच मागे कधीतरी हसत सांगितलं होतं.

वकीलबाईंना सांगावं का? माझी भाची. मीच तिच्याबद्दल शब्द दिला होता. पण नर्सबाईंच्या पोरीचा जीव टांगणीला लागलेला असताना मी नातं बघत बसू? संध्याकाळी सांगून टाकलं. वकीलबाईंनी ती नोंद दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "सिद्ध काही होत नाही यातून. पण चौकशी होईपर्यंत तिला घरी राहू दे." तिचा कोड मीच रद्द केला. मीच शिकवलं होतं सगळ्यांना कोड कसा टाकायचा ते.

जाताना ती म्हणाली, "मावशी, तुला खरंच असं वाटतं?" मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

मंगळवार, १९ मार्च

बहिणीचा फोन. "ताई, पोर काल आल्यापासून जेवलेली नाही. तू लहानपणी तिला अंगाखांद्यावर खेळवलंस आणि आता चोर ठरवतेस?" मी म्हटलं, मी ठरवत नाही, मशीनची नोंद आहे. ती म्हणाली, "मग मशीनलाच ताई म्हणत जाईन." फोन ठेवला.

शुक्रवार, २२ मार्च

नर्सबाई आल्या होत्या, लेकीला घेऊन. मैत्रिणीच्या घरमालकाने हरकत घेतली, म्हणून ती खोलीही गेली. सुट्टी संपत आली. हॉस्पिटलच्या दारातही तो उभा असेल, या भीतीने पाय उचलत नाही म्हणाल्या. चेहरा असा झालाय की ओळखू येत नाही.

वकीलबाई कोर्टातून यायच्या होत्या. तोवर मुलीला रमवायला मी दोन पाठकोरे आणि पेन दिलं. ती जमिनीवर पालथी पडून घर काढत बसली. दारं, खिडक्या, खूप खिडक्या. मग कागद उलटून बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागली. नुकतंच वाचायला येतंय ना, मिळेल ते वाचते.

"आजी, हे कोणाचं नाव आहे?"

"मागचं वाचायचं नसतं, बाळ. पुढे बघ, घराला जिना राहिला."

"ह्यांच्या घराचा नंबर पण आहे," ती म्हणाली. मी कागद सरळ करून दिला.

नर्सबाई खिडकीशी उभ्या होत्या, पडदा धरून. हळूच म्हणाल्या, "ताई, मी विचार करतेय. परत जावं."

"कुठे?"

"त्याच्याकडे. तो म्हणायचा, तू पाताळात गेलीस तरी शोधून काढेन. मला वाटायचं नुसता बोलतो. पण कुलपातला पत्ता, पाकिटातला पत्ता त्याला मिळतो. उद्या तिसरं घर घेईन, तेही मिळेल. असं पळवत पोरीला कुठवर नेऊ? निदान तिथे तिची शाळा तरी आहे. सोमवारी सांगते वकीलबाईंना, केस मागे घेऊ."

मी त्यांचा हात धरला. आता आमचं मशीन सुरक्षित आहे, असं काहीतरी बोलले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात सोडला.

देवा, त्या बाईला परत तिथे पाठवू नकोस.

सोमवार, २५ मार्च

सकाळी कंत्राटदाराच्या वकिलाकडून पाकीट आलं. तोच मसुदा, शेरे मारून परत. हिरवी शाई, टपोरं अक्षर. फाइलला लावायच्या आधी स्कॅन करायचा असतो. कोड टाकला, पानं ठेवली, मशीनने एकामागून एक ओढून घेतली. पडद्यावर तपासायला बसले.

पहिलं पान. त्याची मागची बाजू, कोणाचं तरी भाडेपत्र. दुसरं पान. त्याची मागची बाजू, कसलंसं बिल. मला वैताग आला, म्हटलं हे दोन्ही बाजूंचं खूळ बंद करायला हवं, उगाच नको ते येतं.

तिसऱ्या पानाच्या मागे काळा पट्टा होता.

पट्ट्याच्या शेजारी, अगदी स्वच्छ, नर्सबाईंचं नाव. खाली पत्ता. इमारत, मजला, फाटकाची खूण. आणि पत्त्याखाली हिरव्या शाईची रेघ.

त्याने घरी बसून वाचताना ओढली असेल. त्याच्या वकिलाच्या माणसाने मागची बाजू पाहिलीच नसणार, आला तसा पाकिटात घातला. मीही पाहिली नव्हती. मीच काढून दिला होता तो कागद, माझ्या ह्या हातांनी, आणि त्याने काटकसरीचं कौतुक केलं तेव्हा सुखावले होते.

जिथे ठेवतो तिथेच. सरळ बोलत होती पोर. जिथे मी ठेवायला लावलं होतं तिथेच.

आता जे झालं तेही लिहिते. खोलीत कोणी नव्हतं. स्कॅन मी पुसून टाकला तर मशीनकडे काही उरत नाही, ती व्यवस्था मीच करून घेतलेली. उरला एक कागद. मी उठले, कागद कातरायच्या मशीनपाशी गेले आणि तो आत धरला. माझं तोंड राहील, एवढाच विचार. दात फिरायला लागले. कोपरा आत गेला. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून नर्सबाईंचा आवाज आला. सोमवारी सांगते म्हणाल्या होत्या, त्यासाठीच आल्या होत्या. मी कागद खस्सकन बाहेर ओढला.

वकीलबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, उलटला, पुन्हा उलटला. मग बोट फाटक्या कडेवर ठेवून विचारलं, "हा कोपरा?"

"मी घातला होता मशीनमध्ये. मग काढला."

त्यांनी नर्सबाईंना आत बोलावलं आणि मला म्हणाल्या, "तुम्हीच सांगा."

सांगितलं. खालच्या ट्रेपासून हिरव्या रेघेपर्यंत, भाचीसकट. वाटलं, थोबाडीत मारतील. मारली असती तर मी उभी राहिले असते. नर्सबाईंनी कागद हातात घेतला आणि त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"म्हणजे त्याने शोधलं नाही," त्या म्हणाल्या. "कोणी फितूर नाही. त्याची कुठे माणसं नाहीत. तुम्ही त्याच्या हातात दिलंत."

"हो."

"नुसतं हातात दिलंत." आणि खुर्चीत बसून रडायला लागल्या. रडता रडता म्हणाल्या, "मी परत जाणार होते, ताई. आज तेच सांगायला आले होते. मला वाटलं होतं त्याच्यापासून सुटकाच नाही."

केस मागे घ्यायची नाही, असं त्यांनी वकीलबाईंना सांगितलं. मला क्षमा केल्याचं काही बोलल्या नाहीत, आणि मी मागितलीही नाही. कुठल्या तोंडाने मागणार?

मंगळवार, २६ मार्च

बहिणीकडे गेले. दार भाचीनेच उघडलं. मी चपला न काढताच बोलायला लागले, मध्येच थांबले, पुन्हा बोलले. ती चौकटीला टेकून ऐकत होती.

"मला तेव्हाच सांगायचं होतं, ट्रेत बघ म्हणून," ती म्हणाली. "पण तू माझ्याकडे अशी बघत होतीस की मला माझंच आठवेना."

"चल परत. वकीलबाईंनीही बोलावलंय. मी सगळ्यांसमोर सांगते."

"नको, मावशी. मी दुसरीकडे बघतेय." मग जरा थांबून, "आत ये. आई चहा टाकतेय. ती बोलणार नाही तुझ्याशी, पण चहा देईल."

चहा दिला. बोलली नाही.

शनिवार, ३० मार्च

खालचा ट्रे रिकामा केला. माझं पाठकोऱ्यांचं कपाटही. त्या मुलीने काढलेलं घरसुद्धा, कारण त्याच्या मागे दुसऱ्याच कोणाचा तरी पत्ता होता. दिवसभर उभी राहून कातरत होते. ज्युनियर म्हणाले, मी करतो. म्हटलं, नको.

ही दैनंदिनीही त्याच कागदांवर होती. परवा आणि काल रात्री बसून नव्या वहीत उतरवून काढली. उतरवताना पहिल्यांदाच मागच्या बाजू वाचल्या. आठ-दहा कुटुंबांचं सगळं माझ्या उशीखाली होतं. उतरवताना माझा एक शब्दही बदललेला नाही. भाचीच्या डोळ्यांबद्दल जे लिहिलं होतं ते खोडावंसं फार वाटलं, पण ठेवलं. जुने कागद आजच मशीनमध्ये गेले.

दुपारी नर्सबाई आल्या. नवीन जागा मिळाली आहे. मुलगी माझ्याकडे बघून हसली. मी सवयीने खुर्च्या मांडल्या, पाणी ठेवलं आणि माझी खुर्ची ओढून कोपऱ्यात बसले, नेहमीसारखी. वकीलबाईंनी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. नर्सबाई ग्लासाकडे बघत होत्या. कोणीच पत्त्याचं काही बोलेना. मला कळायला जरा वेळ लागला.

"तुम्ही बोला," म्हटलं, "मी बाहेर बसते."

कोणी नको म्हणालं नाही. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं, आतलं मला ऐकू येणार नाही असं घट्ट.